दारावरची अर्धी पानं

माझ्या परदेशातल्या नातीने, रेवाने, पाठवलेला फोटो मी छापून घेऊन टेबलावरच्या काचेखाली ठेवला आहे. तिच्या शाळेत तिकडच्या हायडा या मूळ रहिवासी समाजाची एक बाई कोरीव काम करून दाखवायला आली होती. फोटोत तिचे केस पांढरे आहेत, हातात वाकड्या पात्याची सुरी आहे, समोर देवदाराच्या जातीचा एक ओंडका आहे आणि भोवती मुलं वाकून बघत आहेत. रेवाने लिहिलं होतं की त्या लोकांच्या बेटांवर घरापुढे उंच खांब उभारतात आणि त्यांवर कावळा, अस्वल, देवमासा असे आपापल्या घराण्याचे प्राणी कोरतात. हे काम वर्षानुवर्षं पुरुषांचं समजलं जाई. या बाईने ते शिकून घेतलं, आणि आता ती गावातल्या मुलींना शिकवते. खाली तिच्या भावाने, निखिलने, विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे असं कोणी होतं का?" मी लगेच 'हो' म्हणून कळवलं आणि तिथेच अडकले, कारण ती गोष्ट फोनवरच्या दोन ओळींत मावणारी नव्हती. म्हणून तुम्हा दोघांसाठी हे प्रकरण. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. तुमची आई वाचून दाखवेल. मला क्रमाने सांगायची सवय आहे, तेव्हा आधी घर.

आमचं घर भेस्तानला, रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या वस्तीत होतं. सुरत शहर तेव्हा तिथपर्यंत पोचलं नव्हतं. फाटकाच्या एका बाजूला उसाची शेतं आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. खानदेशातल्या एका लहान गावातून ते आले, मग त्यांच्यामागून भाऊबंद आले, आणि बघता बघता फाटकाजवळ आमच्या बौद्ध समाजाची पन्नासएक घरं झाली. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, दुकानात गुजराती, आणि शाळेत मला इंग्रजी बोलावं लागे, कारण दादांनी मला शहरातल्या मिशनच्या शाळेत घातलं होतं. दिवसभर आमच्या घरात तीन आवाज असत. एक रुळांवरचा, डबे एकमेकांना जोडताना होणारा. दुसरा मागच्या गल्लीतल्या लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा, जो इतका सतत चाले की वीज गेली की तो थांबल्याने माणसं जागी होत. आणि तिसरा आमच्या ओट्यावरचा, बारीक, टक टक टक, सुगरणीने पळी पातेल्याच्या काठावर आपटावी तसा. तो फुईच्या पटाशीचा, लाकूड कोरायच्या छिन्नीचा, आवाज.

फुई म्हणजे दादांची थोरली बहीण. खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि गुजरातीत फोई, त्यामुळे तिला सगळी वस्ती, आमची आणि शेजारची, एकाच नावाने हाक मारी. तिचं खरं नाव कवतिक. लग्न लवकर झालं, नवऱ्याने दुसरी केली, आणि ती एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे आली. या गोष्टीबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. उधन्याच्या बाजूला साड्या छापण्याची एक शेड होती, तिथे तिला लाकडी ठसे धुण्याचं काम मिळालं. दिवसभर छापून झाले की ठशांच्या खाचांत रंग सुकून बसतो. तो ब्रशने घासून काढायचा, ठसे उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचे, अधूनमधून तेलात बुडवायचे. घासता घासता तिला ठशांची ओळख झाली. कोणता कुठे झिजला, कोणत्याची कड तुटली, हे ती मगनकाकांना जाऊन सांगू लागली.

मगनकाका हे ठसे कोरणारे गुजराती सुतार. त्यांची मुलं लूमवर गेली होती आणि त्यांची नजर अधू होत चालली होती. आधी ते तिला म्हणत, तुटलेली जागा कुठे आहे ती बोट लावून दाखव. मग म्हणाले, एवढीशी कड आहे, तूच सारखी कर. मग एक दिवस त्यांनी तिच्यापुढे कोरा सागवानी तुकडा ठेवला. शेडमधल्या दुसऱ्या सुतारांनी कुरकुर केली. हत्यार बापाकडून मुलाकडे जातं, ते बाईच्या हातात, आणि तेही आमच्या समाजाच्या बाईच्या हातात कसं द्यायचं, असा त्यांचा सवाल होता. मगनकाकांनी म्हणे एवढंच उत्तर दिलं की मुलं आली तर तिच्याकडून परत घेईन. मुलं आली नाहीत. मी कळती झाले तेव्हा फुईकडे कापडाच्या गुंडाळीत पटाश्यांचा पूर्ण संच होता, तांदळाच्या दाण्याएवढ्या पात्यापासून अंगठ्याएवढ्या पात्यापर्यंत, आणि शेडमधले निम्मे ठसे तिच्या हातचे होते.

ठसा कसा होतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. सागवानाचा तुकडा आधी रंध्याने आणि मग दगडावर वाळू टाकून घासून इतका सपाट करायचा की त्यावर पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसू नये. वर खडूचा पातळ लेप. त्यावर नक्षी. मग नक्षीच्या बाजूचं लाकूड खोल काढायचं आणि नक्षी तेवढी ठेवायची. यात सगळ्यात महत्त्वाचं हे की उरलेल्या प्रत्येक रेषेचा माथा एकाच पातळीत हवा. एखादी रेष केसभर खाली गेली तर तिथे रंग उठत नाही. काम झालं की मगनकाका ठशावरून तळवा फिरवत आणि 'सरखुं' म्हणत, म्हणजे सारखं आहे. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. दुसरी गोष्ट अशी की किनारीचा ठसा एकाला एक लावत पुढे जायचा असतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना अर्धं अर्धं फूल कोरतात. पुढचा छाप पडला की अर्ध्याला अर्धं मिळतं आणि जोड दिसत नाही.

फुई मुलींना शिकवायला लागली ती ठरवून नव्हे. शेजारची मंदा एकदा ओट्यावर येऊन बसली, मग तिची बहीण आली, मग मी तर घरचीच. लाकूड वाया घालवणं फुईला परवडणारं नव्हतं, तेव्हा तिने कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या आणायला सांगितल्या. आम्ही साबणावर पानं कोरायचो आणि खाली पडलेला चुरा आया धुण्याला वापरायच्या. वस्तीत त्या वर्षी सगळ्यांच्या घरी अर्धवट कोरलेल्या फुलांचे साबण होते. माय, म्हणजे माझी आई, वैतागून म्हणायची की हिच्या शाळेत शिकून पोरी काय होणार तर परटिणी. फुई हसायची. शिकवताना ती फार बोलत नसे. आपल्या हातावर तिचा हात येई आणि कानाशी आवाज येई, "दाबू नको व माय. पटाशीले जाऊ दे." आज मी कोणालाही काही शिकवताना घाई करू लागले की मला हे वाक्य ऐकू येतं. चाळीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि शिकवण्याबद्दल याहून कामाचं वाक्य मला कोणत्या पुस्तकात सापडलं नाही.

पण ओटा किती दिवस पुरणार. आमची घरं भाड्याची, आणि चाळीच्या मालकाने ओट्यांवर भिंती घालून खोल्या वाढवायचं ठरवलं. शेडमध्ये पुरुषांत मुलींना पाठवायला आया तयार नव्हत्या. फुईच्या वर्गाला जागाच उरणार नव्हती. मंदाचे वडील तिला म्हणू लागले होते की बरं झालं, आता घरात बस. त्याच सुमारास वस्तीने विहार बांधायला घेतला होता. विटांच्या भिंती, वर पत्रे, आणि बाजूला एक लहान खोली. त्या खोलीत वस्तीच्या मंडळाच्या सतरंज्या आणि भांडी ठेवायचं चाललं होतं.

मंडळाचे प्रमुख दगडूमामा. मायच्या माहेरच्या गावचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, अंगावर नेहमी इस्त्रीचा शर्ट. बोलायला तिखट आणि मनाने बरे. फुई त्यांच्याकडे गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. ती म्हणाली, भाऊ, विहाराच्या दाराला माथ्याची पट्टी लागेल. लोकांच्या दारावर गणेशपट्टी असते, आपल्या दारावर पिंपळाची पानं असू द्या. मी आणि माझ्या पोरी कोरून देतो. त्याबदल्यात ती बाजूची खोली आम्हाला शिकायला द्या.

दगडूमामांनी सुपारी कातरत विचार केला. बायकांनी कोरलेलं दार कोणी ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बरं. पट्टी अशी झाली पाहिजे की फाटकावरून जाणारा माणूस थांबून बघेल. थांबला तर खोली तुमची. नाही थांबला तर सतरंज्यांची."

सागवानी तुळई बारडोलीहून आली. तिथे एक जुनं घर पाडलं होतं, आणि वस्तीतल्या एकाचा उसाचा ट्रक रिकामा परत येत होता, त्यावर ती टाकून आणली. फुईने तिच्यावर थाप मारून ऐकलं, वास घेतला, आणि जुनं लाकूड आहे, आता हलणार नाही, असं म्हणाली. मग फाल्गुन आणि चैत्र आमचं घर म्हणजे लाकडाचा कारखाना झालं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, भाकरीवर ठेचा घेऊन ती हातात धरूनच खायची आणि कामाला बसायचं. भुसा सगळीकडे, अंथरुणात, केसांत, एकदा तर वरणात. फुईने नक्षी काढली होती ती अशी: पिंपळाच्या पानांची एक वेल, प्रत्येक पानाचं टोक लांब आणि जरासं वळलेलं, पानांत शिरा, शिरांमध्ये बारीक ठिपके. पानांच्या कडा मोठ्या मुलींना दिल्या होत्या, मला ठिपक्यांभोवतीचं लाकूड काढायचं काम होतं. शिरांना मात्र ती कोणाला हात लावू देत नव्हती.

काम संपलं तेव्हा मगनकाकांना रिक्षात घालून आणलं. त्यांना तोवर जवळपास दिसत नव्हतं. त्यांनी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला, दोनदा. मग म्हणाले, "सरखुं. एकदम सरखुं." फुईने पदर डोळ्यांना लावला. आम्ही मुली एकमेकींकडे बघत राहिलो. पट्टीला जवसाचं तेल चोळलं. दादांनी कोणाकडून तरी रंगाचा डबा आणून दिला होता, पण मगनकाका म्हणाले की सागवानाला रंग मारणं म्हणजे दुधात मीठ टाकणं, आणि डबा परत गेला.

बुद्धपौर्णिमेला विहाराचं उद्घाटन होतं. त्याच्या आठवडाभर आधी, सकाळी, पुरुषांनी पट्टी दोरांनी वर चढवली. सगळी वस्ती जमली होती. विहाराचं जोतं उंच, दार त्याहून उंच, आणि पुढे पत्र्याची सावली. पट्टी बसली, दोर सोडले, सगळ्यांनी माना वर केल्या. मीही वर बघितलं. दोन महिने जिच्यावर मी वाकले होते ती वेल कुठे आहे ते मला दिसेना. तेलाने चमकणारं एक तपकिरी लाकूड होतं, बस. पानं होती, पण ती सगळी एकाच सपाटीत, नखाएवढ्या खोलीत, आणि ठिपके तर हातभर अंतरावरूनच दिसणारे. दारावरचं काम करणारा सुतार पान पुढे काढतो, देठ मागे ढकलतो, म्हणजे सावली पडते आणि खालून दिसतं. फुईने सगळं आयुष्य ठसेच कोरलेले, आणि आम्ही तिच्याकडूनच शिकलेल्या. आम्ही सगळं 'सरखुं' केलं होतं.

दगडूमामा फाटकापर्यंत चालत गेले, तिथून वळून बघितलं, आणि परत आले. "कवतिकबाई," ते म्हणाले, "माले ते नुसती फळी दिसस."

मागून कोणीतरी हसलं. मामांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण तेही बोलायचे थांबले नाहीत. दोन्ही टोकांना पान अर्धंच का आहे, लाकूड कमी पडलं का, असं त्यांनी विचारलं. फुईने वर बघितलं आणि तेव्हा तिच्याही लक्षात आलं. हाताच्या सवयीने तिने टोकांना अर्धी अर्धी पानं कोरली होती, पुढचा छाप लागेल अशी. पण दाराला पुढचा छाप नसतो. ती घरी गेली. पट्टी उतरवून आमच्या ओट्यावर आणून ठेवली. मंडळाने सिमेंटची कमान करायचं ठरवलं, आणि मंदाच्या घरी त्याच संध्याकाळी तिच्या पटाश्या वर माळ्यावर गेल्या.

फुई पुढचे दिवस नेहमीसारखी कामाला गेली, नेहमीसारखी जेवली, पण ओट्याच्या त्या बाजूला तिने पाहिलं नाही. घरात टक टक आवाज नव्हता. दादांनी तिला एकदा सांगायचा प्रयत्न केला की लाकूड कुठे जात नाही, दुसऱ्या कामाला येईल. ती म्हणाली, "मन्ह्या पोरीसना काय?" माझ्या मुलींचं काय. दादा बिडी ओढायला बाहेर गेले.

वैशाखात खानदेशी घरात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. उशीर झाला तर पाऊस येतो आणि मग वर्षभर पापड नाहीत, त्यामुळे घरात कोणी रुसलं काय आणि हरलं काय, बिबडे थांबत नाहीत. भिजवून कुटलेली ज्वारी, तीळ, लसूण, मिरची, सगळं मोठ्या पातेल्यात शिजून त्याचा घाटा होतो. तो गरम गरम वाटीत घेऊन वर तेल टाकून खायला मिळतो म्हणून आम्ही मुलं चुलीशी घुटमळायचो. मग ओल्या कापडावर एक एक गोळा ठेवून ओल्या हाताने थापत पसरायचा आणि उन्हात सोडून द्यायचा. त्या वर्षी बिबड्यांच्या दिवशी वाळवणाच्या सगळ्या खाटा भरल्या आणि घाटा उरला. मायने इकडेतिकडे बघितलं. ओट्यावर पट्टी उताणी पडली होती, आणि तिच्याइतकी सपाट जागा अख्ख्या वस्तीत नव्हती. मायने दादांचं जुनं धोतर भिजवून त्या पट्टीवर अंथरलं आणि वर बिबडे थापून काढले.

तिसऱ्या प्रहरी ते सोडवायला तिने धोतर उचललं आणि ओरडली. आम्ही धावलो. त्या काळी इंजिनं कोळशाची होती, फाटकाजवळच्या घरांत प्रत्येक वस्तूवर काजळी बसायची, आणि तेल लावलेल्या पट्टीवर तर ती चिकटूनच बसली होती. ओल्या धोतराच्या खालच्या अंगाला ती सगळी उतरली होती. माय फुईच्या नावाने बोलतच सुटली, "तुन्ही फळीनी मन्हं धोतर बठ्ठं काळं करी टाकं." फुई आतून आली. तिने मायच्या हातातून धोतर घेतलं, झटकलं, आणि उन्हाकडे धरलं.

पिंपळाची वेल होती. पानं, वळलेली टोकं, शिरा, आणि मी कोरलेला प्रत्येक ठिपका. आम्ही सगळे बघत होतो. फुईने धोतराचं एक टोक पट्टीच्या दुसऱ्या टोकाला लावून बघितलं, अर्ध्या पानाला अर्धं पान. ते जुळलं. मग ती हसायला लागली. खाली बसली आणि पोट धरून हसली, मी तिला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. "पाहिलंस का," ती मायला म्हणाली, "मी दार कोरलंच नाही. मी एवढा मोठा ठसा कोरला."

पौर्णिमा दोन दिवसांवर होती. उद्घाटनाला नेसायला वस्तीतल्या प्रत्येक बाईने पांढरी साडी आणली होती, साधी, बिनकिनारीची. फुईने मगनकाकांकडे निरोप पाठवून शेडमधून निळा रंग मागवला. तिची कल्पना सगळ्यांना कळली होती, पण साडी द्यायला कोणी पुढे येईना. वर्षाकाठी एकच नवी साडी, आणि रंग फिसकटला तर ती गेली. बायका ओट्यापुढे उभ्या होत्या, साड्या छातीशी धरून. मंदाची आई म्हणाली की आधी जुन्या कपड्यावर बघू. तेवढ्यात माय घरात गेली, आपली साडी घेऊन बाहेर आली, घडी मोडली आणि फुईपुढे ठेवली.

"आधी मन्ही," ती म्हणाली. "त्या दिवशी मन्हं धोतर गेलं, आज साडी गेली तर गेली."

धोतर दादांचं होतं आणि ते गेलंही नव्हतं, पण त्या क्षणी तो विषय कोणी काढला नाही.

छपाईत ठसा कापडावर मारतात. इथे ठसा उचलणंच शक्य नव्हतं, म्हणून कापड ठशावर आणायचं होतं. फुईने पट्टीवर कापडाच्या बोळ्याने हलक्या हाताने निळा रंग थोपटला. आम्ही मुलींनी दोन्ही बाजूंनी साडीचा काठ ताणून धरला आणि तिच्या खुणेबरोबर खाली टेकवला. मग सगळ्यांनी तळव्यांनी दाबत पुढे जायचं, बिबडे थापतात तसं. काठ उचलला. दादा ड्यूटीवरून नुकतेच आले होते, ते वाकून पानावर बोट ठेवायला गेले, तशी फुई म्हणाली, "हात लावू नको, ओलं शे." रेल्वेतला माणूस, पण लहान मुलासारखा हात मागे घेतला. मग साडी पुढे सरकवली, अर्ध्या पानाला अर्धं पान लावलं, पुन्हा टेकवली. उचलली तेव्हा जोड कुठे आहे ते मला, काठ मीच धरलेला असूनही, सांगता आलं नसतं. मंदाच्या आईने आपली साडी पुढे केली, आणि मग रांग लागली. अंधार पडेस्तोवर वस्तीतल्या सगळ्या दोऱ्यांवर पांढऱ्या साड्या वाळत होत्या, निळ्या पानांच्या काठाच्या. मंदा माळ्यावरून पटाश्या घेऊन आली होती, का ते तिलाही सांगता आलं नाही, कारण त्या दिवशी पटाशीचं काही कामच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूमामा आमच्या ओट्यावर आले. त्यांच्या बायकोने घरी साडी दाखवली असावी. पट्टीवरचा रंग आम्ही पुसला होता, पण सगळ्या साड्यांचा मिळून तो लाकडाच्या माथ्यांत मुरला होता. खाचा तपकिरी आणि पानं निळी. मामा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी चार जणांना हाक मारली आणि पट्टी परत विहाराकडे नेली. दोर बांधले, चढवली. आम्ही खाली उभ्या होतो. मी वर बघायला घाबरत होते, म्हणून मी मामांकडे बघितलं. ते पुन्हा फाटकापर्यंत चालत गेले. तिथे एक सायकलवाला एक पाय जमिनीवर टेकवून थांबला होता आणि वर बघत होता. मामांनी त्याच्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि परत आले.

"दिसतं," ते म्हणाले. मग आपण मंडळाचे प्रमुख आहोत हे आठवल्यासारखं पुढे म्हणाले, "पण टोकाची पानं अर्धीच राहिली, कवतिकबाई."

"बाकीची अर्धी बायांच्या पदरावर आहेत, भाऊ," फुई म्हणाली.

मामांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. सतरंज्या पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याच घरी राहिल्या आणि मामी त्यावरून त्यांना टोमणे मारत राहिल्या. पौर्णिमेला आम्ही सगळ्या एका रांगेत विहारात गेलो, मायच्या मागे मी, आणि बाहेरगावहून आलेल्या पाहुण्या बायका विचारत होत्या की ही साडी सुरतेत कुठल्या दुकानात मिळते.

फुईने त्या खोलीत हात चालेनासे होईपर्यंत शिकवलं. तिच्या सगळ्याच मुली कोरणाऱ्या झाल्या नाहीत. मंदा झाली, आणि कामरेजला तिची स्वतःची शेड झाली. एक शिवणकाम शिकली, एक नर्स झाली, मी इंग्रजी शिकवलं. लाकडी ठसे मागे पडले, जाळीची छपाई आली, मग यंत्रं आली, आणि शेडही गेली. पण वर्षातून एकदा, वैशाखात, भेस्तानच्या बायका ती पट्टी खाली उतरवतात, रंग लावतात, साड्यांचे काठ छापतात आणि नवा रंग मुरला की पुन्हा वर चढवतात. हा रिवाज कोणी घालून दिला नाही. रंग उन्हाने उडतो आणि पानं दिसेनाशी होतात, म्हणून दर वर्षी करावंच लागतं. मला कधी कधी वाटतं, फुईने ती पट्टी खोल कोरली असती तर ती एकदाच वर चढली असती आणि तिची कोणाला आठवण राहिली नसती.

या वैशाखात मी बऱ्याच दिवसांनी तिकडे गेले होते. गुडघ्यांमुळे हल्ली जाणं होत नाही. उसाची शेतं गेली, फाटकाच्या जागी पूल आला, आणि रिक्षावाल्याला मला दोनदा रस्ता सांगावा लागला. विहाराच्या अंगणात पट्टी उताणी ठेवली होती आणि पाच-सहा मुली तिच्यावर वाकल्या होत्या. एकमेकींशी त्या गुजरातीत बोलत होत्या, मध्येच हिंदीत. शिकवणारी मुलगी विशीतली, जीन्स घातलेली, केस वर बांधलेले. तिने मला ओळखायचं काही कारण नव्हतं. ती एका लहान मुलीच्या हातावर हात ठेवून बोळा कसा थोपटायचा ते दाखवत होती, आणि म्हणत होती, "दबाओ मत, बेटा." मी जवळ गेले. वेलीच्या मध्यावरच्या एका पानाच्या शिरांमध्ये, माझे ठिपके होते. एक जरा वाकडा, तो मला अजून ठाऊक आहे. मी नकळत बोट पुढे केलं.

"आजी, हात नका लावू," ती मुलगी मान वर करून म्हणाली, "ओलं आहे."

मी बोट मागे घेतलं, पण तोवर ते टेकलं होतं. घरी आल्यावर मी ते धुतलं नाही. रेवा, त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस की आजी, तुझ्या बोटाला निळं काय लागलं आहे, आणि मी म्हटलं, रंग आहे गं, जाईल. तो अजून नखाच्या कडेला थोडा आहे.